इकडे बघ!

शाळेत ‘इकडे बघ’ या दोन शब्दांइतके वारंवार उच्चारले जाणारे शब्द दुसरे क्वचितच असतील. फळ्याकडे बघ, नकाशाकडे बघ, असे सांगताना शिक्षकाच्या मनात काही हेतू असतो. पण ‘माझ्या डोळ्यांत बघून बोल’ असे जेव्हा आम्ही शिक्षक फर्मावतो, तेव्हा त्या मुलाने तसे का करावे याचा विचार आम्ही सहसा केलेला नसतो. डोळ्याला डोळा न देणारे मूल खोटे बोलत असते, नाही तर उर्मट असते, नाही तर त्याचे लक्ष तरी नसते, असा एक जुना ठोकताळा आमच्या मनात बसलेला असतो. आम्हीही तो अनेक वर्षे मानला. इतकेच नव्हे, तर त्यापायी एका मुलीला शिक्षाही केली. नवल हे की, आयुष्यात आम्ही स्वतः कोणाच्याही डोळ्यांत सहजपणे कधी पाहिलेले नाही.

हे वाचून आमचे विद्यार्थी चकित होतील. बाई तर नेहमी आपल्याकडे बघूनच शिकवतात, असे ते म्हणतील. तर मुलांनो, आज ते गुपित फोडतो. आम्ही तुमच्या डोळ्यांकडे पाहत नाही. दोन भुवयांच्या मधोमध, जेथे मुली टिकली लावतात, तेथे पाहतो. समोरच्या माणसाला दोन्हींतला फरक कळत नाही. ही युक्ती आम्हांला कोणी शिकवली नाही. सहावीत असताना रोजचे रागावणे चुकवण्यासाठी आमची आम्हीच ती शोधून काढली, आणि पुढे तिच्यावर शालान्त परीक्षा, पदवी, बी.एड.चे पाठ आणि नोकरीची मुलाखत, सारे निभावून नेले.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, एका मानसतज्ज्ञ बाईंनी आम्हांला सांगितले की, आम्ही ऑटिस्टिक आहोत. मराठीत या अवस्थेला ‘स्वमग्नता’ म्हणतात. यंदा वार्षिकाच्या संपादकांनी ‘बाई, काहीतरी हलकेफुलके लिहा’ अशी गळ घातली, तेव्हा याच विषयावर लिहावे असे आमच्या मनाने घेतले. विषय हलका नाही हे खरे; पण तो मनावरून उतरवून ठेवल्याने आम्ही हलके होऊ, एवढा तरी संपादकांच्या इच्छेचा मान राहील.

आधी त्या शब्दाविषयी. मराठीची शिक्षिका शब्दावर अडली नाही तर तिने पगार कशाचा घ्यावा? ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीक भाषेतील ‘स्व’वाचक शब्दावरून घडवला, आणि तोही एका निराळ्याच मनोविकाराच्या संदर्भात. पुढे 1943 साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली आणि तो शब्द या अवस्थेला येऊन चिकटला. मराठीने त्याचे ‘स्वमग्नता’ असे भाषांतर केले. शब्द गोड आहे, पण आमच्या अनुभवाशी तो जुळत नाही. ‘स्वमग्न’ म्हटले की स्वतःतच बुडालेला, बाहेरच्या जगाची वार्ता नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. आमची अडचण नेमकी उलटी आहे. बाहेरचे जग आमच्यात नको इतके शिरते. वर्गात पंखा ‘टक्’ असा आवाज करीत फिरत असेल, तर त्याच्या प्रत्येक फेऱ्याची नोंद आमच्या डोक्यात होते. शेजारच्या वर्गातील पाढे, खडूचा कर्कश आवाज, डब्यातील लोणच्याचा वास, हे सारे एकाच वेळी एकाच मोठेपणाने येते. इतरांच्या मनात बहुधा कोणी द्वारपाल बसलेला असावा, जो म्हणतो, ‘हे आत सोडा, ते बाहेर राहू द्या.’ आमच्या दारावर कोणी नाही.

आणि आमचे घर तर चिक्कडपल्लीत! हैदराबादेत शांततेची जागा शोधू निघालेला माणूस शेवटी ज्या ठिकाणी येईल त्यांत या वस्तीचे नाव नाही. भाजीबाजार, देवळाचा ध्वनिक्षेपक, गल्लीबोळांतील शिकवणीवर्ग, आणि चार पावलांवर आर.टी.सी. क्रॉस रोड्सची चित्रपटगृहे. एखाद्या नामांकित नटाचा चित्रपट लागला की पहाटेपासून ढोल आणि फटाके. अशा दिवशी आम्ही कानांत कापूस घालून, पदर घट्ट ओढून शाळेला जात असू. लोक समजत, बाईंना थंडी बाधते.

तरीही याच वस्तीने आम्हांला तीस वर्षे लपवून ठेवले, आणि ते कसे, हे सांगण्यासारखे आहे. आमचे मूळ घर गोव्यातील पेडणे तालुक्यात. वडील नोकरीनिमित्त येथे आले. घरात कोकणी, शाळेत मराठी, जिन्यावर तेलुगू, बाजारात दख्खनी. त्यामुळे आमच्या विक्षिप्तपणाला प्रत्येकाने आपापल्या परीने एक पत्ता शोधून दिला. मराठी मैत्रिणी म्हणत, ‘ती कोकणी ना, म्हणून अशी तुटक बोलते.’ गोव्याहून आलेले नातलग म्हणत, ‘मराठी शाळेत घातले, म्हणून पुस्तकासारखे बोलते.’ तेलुगू शेजारणींच्या मते मराठी लोकच असे. हाक मारली तरी चटकन वळून बघत नाहीत. सर्वांचे समाधान झाले आणि आम्ही कोणालाच सापडलो नाही. परक्या भाषेत बोलताना होणारी चूक माणसे किती उदारपणे क्षमा करतात! तीच चूक स्वभावाची आहे असे कळले, म्हणजे मात्र ती उदारता आटते.

आजी तेवढी फसली नव्हती. कोकणीत लहान मुलीला नपुंसकलिंगी ‘तें’ म्हणतात. आम्ही तासन्‌तास शिंपल्यांच्या रांगा लावीत बसलो की ती हसून म्हणे, ‘पिशें तें चेडूं!’ पिशें म्हणजे वेडे. पण तिच्या तोंडी त्या शब्दाला धार नव्हती. रांग मोडू नये म्हणून ती स्वतः अंगणातून वळसा घालून जात असे. पुढे आम्ही पुष्कळ सभ्य शब्द ऐकले. त्या वेड्या शब्दाइतकी जागा त्यांतील एकानेही आम्हांला दिली नाही.

मुलींच्या बाबतीत ही अवस्था ध्यानात येत नाही याची कारणे विद्वान लोक अनेक सांगतात. कॅनर यांच्या अकरा मुलांत आठ मुलगे आणि तीनच मुली होत्या. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1944 साली, व्हिएन्नाचे हान्स आस्परगर यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, तो मुलग्यांवरच आधारलेला होता. या दोघांच्याही आधी मॉस्कोतील एका स्त्री डॉक्टरने, ग्रुन्या सुखारेवा यांनी, सहा मुलग्यांचे अशाच प्रकारचे बारकाईचे वर्णन केले होते; ते 1926 मध्ये जर्मन नियतकालिकात आले, आणि लगोलग त्यांनी मुलींविषयीही लिहिले. स्त्रीने मुलींकडे पाहिले खरे. पण त्या लिखाणाकडे जगाने अनेक दशके पाहिले नाही. मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या चौपट, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. 2017 साली लंडनमधील संशोधकांनी अनेक पाहण्या एकत्र करून ताडून पाहिले, तेव्हा ते तिपटीच्या आसपास आले. आणि मुलींचे निदान हुकण्याचा संभव अधिक, असेही त्यांनी म्हटले.

आमच्याकडे याला आणखी एक कारण आहे, आणि ते आम्हांला विद्वानांच्या लेखांपेक्षा आमच्याच बैठकीच्या खोलीत सापडले. मुलीने खाली बघावे, कमी बोलावे, चारचौघांत मिसळू नये, घरातल्या घरात एकच काम पुन्हा पुन्हा नीटनेटके करीत बसावे, हीच ज्या समाजात सुशीलतेची व्याख्या, तेथे आमच्यासारखीला शोधणार कोण? मुलग्याने मान खाली घातली तर त्याला डॉक्टरकडे नेतात. मुलीने घातली तर तिला बघायला येतात.

आम्हांलाही बघायला आले होते. पोह्यांची बशी हातात घेऊन आम्ही जमिनीवरच्या फरशीची नक्षी मोजीत बसलो होतो, आणि मुलाच्या आईने आमच्या आईला म्हटले, ‘आजकाल इतकी शालीन मुलगी बघायला मिळत नाही हो.’ आयुष्यात आमच्या नजरेची स्तुती झाली ती तेवढी एकदाच. मग मुलाने रीतीप्रमाणे विचारले, ‘तुम्हांला काही विचारायचे आहे का?’ खरोखरच विचारायचे होते. आम्ही विचारले, ‘तुमच्या घरातील पंखे आवाज करतात का?’ सारे हसले. आम्ही उत्तराची वाट पाहत राहिलो, तेव्हा हसणे थांबले. दोन दिवसांनी निरोप आला, ‘मुलगी चांगली आहे, पण जरा वेगळी वाटते.’ ‘वेगळी’ हा शब्द आईने तीनदा उच्चारून पाहिला आणि मग पोह्यांची मोठी पातेली माळ्यावर ठेवून दिली.

त्यानंतर आम्ही एक वही केली. आजही ती आमच्या कपाटात आहे. कोणत्या प्रसंगी काय बोलावे याची ती वही. बारशाला गेल्यास बाळ कोणासारखे दिसते ते सांगावे. आजाऱ्याला ‘खूपच वाळलात’ असे म्हणू नये. कोणी ‘कसे काय?’ म्हटले तर खरी प्रकृती सांगत बसू नये, ‘ठीक’ म्हणावे व उलट तेच विचारावे. यांतील एकेक वाक्य आम्ही एकेका फजितीची किंमत मोजून मिळवले आहे. एका सहशिक्षिकेच्या मातोश्री वारल्या. भेटीला गेलो असता त्या रडत म्हणाल्या, ‘आई अशी अचानक गेली हो!’ आम्ही म्हणालो, ‘नव्वदाव्या वर्षी अचानक म्हणता येणार नाही.’ आम्हांला वाटले होते की, या विचाराने त्यांचे दुःख कमी होईल; आमचे झाले असते. त्या वर्षभर आमच्याशी बोलल्या नाहीत. त्या दिवशी घरी येऊन वहीत लिहिले, ‘मृत्यूच्या घरी वयाचा हिशेब करू नये. काही लागले तर सांगा, असे म्हणावे. जवळ बसावे.’

असे वहीवरून जगणारे माणूस नाटकी असते, असे कोणी म्हणेल. त्यांनी सहा तास परक्या भाषेत बोलून पाहावे. प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायचे, चेहरा त्याला साजेसा करायचा, आवाज कितपत चढवायचा ते ठरवायचे, आणि समोरच्याच्या भुवयांवरची नजर ढळू द्यायची नाही! पाच वाजता घरी आलो की आम्ही दिवा न लावता आतल्या खोलीत जमिनीवर पडून राहत असू. आई दार ओढून घेई. पाहुण्यांना ती सांगे, ‘डोके दुखते तिचे.’ लोकांनी आमचा स्वीकार केला होता, यात शंका नाही. ‘बाई फार व्यवस्थित’ अशी आमची ख्याती होती. पण तो स्वीकार त्या वहीचा होता. दिवा न लावता पडलेल्या बाईला कोणी पाहिलेलेच नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळणे भाग आहे. आठवीत एक मुलगी होती. तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत, आणि तिचे नाव अर्थातच देणार नाही. अभ्यासात बरी, इतिहासाच्या सनावळीत आमच्याही पुढे. पण बोलायला उभी केली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलायची. एका तोंडी परीक्षेच्या वेळी आम्ही तिला म्हणालो, ‘इकडे बघ.’ तिने पाहिले नाही. ‘माझ्या डोळ्यांत बघून बोल.’ ती बोलायचीच थांबली. तिसऱ्यांदा आम्ही आवाज चढवला. मग ती जे चाललेले उत्तर होते ते सोडून एकच वाक्य म्हणू लागली, ‘मला येते, मला येते, मला येते.’ वर्ग हसू लागला. आम्ही तिला वर्गाबाहेर उभे केले.

आमच्या वर्गाबाहेर, खांबाला, शाळेची पितळी घंटा टांगलेली आहे.

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ती बरोबर तिच्या खाली उभी होती. आम्ही दाराशी आलो तर ती दोन्ही कानांवर हात दाबून, गुडघ्यांत डोके घालून जमिनीवर बसलेली. भोवती मुले जमलेली. आम्हांला तो आवाज काय करतो हे ठाऊक होते. त्या घंटेच्या वेळी आम्ही रोज काही ना काही निमित्ताने वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जात असू. हे ठाऊक असूनही आम्ही तिला म्हणालो, ‘ऊठ, नाटके पुरे.’ ‘नाटके’ हाच शब्द आम्ही वापरला. ज्या बाईने वीस वर्षांहून अधिक काळ रोज नाटक केले होते, तिने ते न करणाऱ्या मुलीला तो शब्द दिला. आम्ही तिच्यावर रागावलो होतो, यात संशय नाही. आणि आज त्या रागाचे कारण शोधू जाता असे वाटते की, आम्ही एवढ्या कष्टाने जे शिकलो ते शिकण्याचे ती नाकारीत होती, याचाच तो राग होता.

काही महिन्यांनी शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण झाले. 1995 च्या अपंगविषयक कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ते आले, आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने एकवीस प्रकारांत त्याची गणना केली. अशा मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेणे हे आता आपले कर्तव्य आहे, असे व्याख्याते सांगत होते. मग त्यांनी लक्षणांची एक यादी वाचायला दिली. आम्ही त्या मुलीला डोळ्यांसमोर ठेवून पेन्सिलीने खुणा करू लागलो. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आले की, खुणा तिच्या राहिल्या नाहीत. त्या आमच्या होत्या. शेजारच्या बाईंनी विचारले, ‘इतक्या खुणा? तुमच्या वर्गात कोण आहे हो एवढे?’ आम्ही कागद उलटा केला.

पुढे मानसतज्ज्ञ बाईंकडे तीन दुपारी गेलो. भारतात या निदानासाठी जी मापनी वापरतात ती आमच्या शेजारीच, सिकंदराबादच्या मनोविकासनगरात तयार झाली आहे, हे तेथे कळले आणि आम्हांला उगीचच अभिमान वाटला. 1984 साली स्थापन झालेली तेथील राष्ट्रीय संस्था आता राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था या नावाने ओळखली जाते. मापनीत चाळीस प्रश्न. प्रत्येकास एक ते पाच गुण. एकूण सत्तरच्या खाली असल्यास ऑटिझम नाही असे समजायचे. आणि पहिलाच मुद्दा कोणता? नजरेला नजर न देणे! आम्ही बाईंना आत्मविश्वासाने म्हणालो, ‘तेवढे तरी आम्हांला नीट जमते.’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘तुम्ही गेल्या तासाभरात माझ्या टिकलीशी बोलत आहात.’ चौतीस वर्षांत ज्यांनी हे ओळखले अशा त्या पहिल्या. आम्हांला संकोच वाटायला हवा होता. पण पाठीवरचे ओझे कोणीतरी न विचारता उतरवून घ्यावे तसे वाटले. आमचे गुण चौऱ्याहत्तर भरले. सदैव वरच्या श्रेणीत येणारे आम्ही, या एका परीक्षेत तेवढे काठावर उत्तीर्ण झालो. केवळ आकड्यावर विसंबून चालत नाही, लपवायला शिकलेल्या माणसाला बाह्य लक्षणांवर कमी गुण पडतात, म्हणून आणखी पुष्कळ विचारावे लागते, असे बाईंनी समजावून सांगितले.

आईलाही त्यांनी बोलावले होते. लहानपणी काही वेगळे जाणवले का, असे विचारता आई ठामपणे म्हणाली, ‘तशें कांय ना. शाणें आशिल्लें तें.’ आणि मग तिने आपण होऊन सांगितले, की हिला एकाच रंगाचा फ्रॉक लागे, भात आणि आमटी एकमेकांना लागली तर ताट सोडून उठे, पाहुणे आले की पलंगाखाली जाई, आणि चौथ्या वर्षी दिनदर्शिकेतील सारे सण तारखांसह पाठ म्हणे. बाई लिहून घेत होत्या. आईच्या बोलण्याचा वेग हळूहळू कमी झाला. परतताना रिक्षात ती एकच वाक्य बोलली, ‘म्हजें खंय चुकलें?’ माझे कुठे चुकले?

हा प्रश्न आमच्या आईचा एकटीचा नव्हे. आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या, कोरडेपणामुळे मुले अशी होतात, असा प्रवाद एके काळी पश्चिमेत फार माजला होता. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या 1967 च्या पुस्तकाने त्याला बळ दिले. वस्तुतः 1964 मध्येच बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ही अवस्था जन्मजात शरीररचनेतून येते असे साधार मांडले होते, आणि पुढील संशोधनाने तो जुना प्रवाद पार मोडीत निघाला. आम्ही आईला हे सारे सनावळीसह सांगितले. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. रात्री तिने भात आणि आमटी वेगवेगळ्या वाट्यांत वाढली. तशी ती रोजच वाढते. पण त्या रात्री मध्ये थोडे अधिक अंतर ठेवले, आणि म्हणाली, ‘शाळेत सांगू नको.’

आम्ही सांगितले. मुख्याध्यापिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. शिक्षकखोलीत मात्र निरनिराळी मते पडली. ‘आजकाल सगळ्यांनाच काही ना काही असते,’ असे एक. ‘तुमच्याकडे बघून वाटत नाही हो!’ असे दुसरे, आणि हे तर अनेकांनी गौरवाच्या सुरात म्हटले. त्यांच्या सद्‌भावनेविषयी आम्हांला शंका नाही. पण वाटत नाही ते का, याची किंमत कोणी विचारली नाही. त्यांतल्या त्यात ज्यांच्याशी आमचे वर्षभर अबोला होता, त्या बाईंनी काही दिवसांनी आमच्या टेबलाजवळ येऊन विचारले, ‘नव्वदाव्या वर्षी अचानक नसते, असे तुम्ही म्हणालात, ते मला धीर द्यायला होते का?’ आम्ही ‘हो’ म्हटले. त्या जवळ बसल्या. आमच्या वहीतील वाक्य आम्हांलाच कोणीतरी लावावे, असे ते होते.

स्वीकार कसा असतो हे आम्ही खरे पाहता आमच्या वस्तीतच पूर्वी पाहिले होते. त्याला काय म्हणायचे तेवढे ठाऊक नव्हते. चिक्कडपल्लीचे सिटी सेंट्रल लायब्ररी हैदराबादेतील प्रत्येक नोकरीच्छूला माहीत आहे. सकाळपासून तरुण मुलेमुली स्पर्धापरीक्षांची पुस्तके घेऊन तेथे बसतात; जागा नसली तर बाहेरच्या आवारात, झाडाखालीसुद्धा. कोणी कोणाकडे पाहत नाही. कोणी पुढे-मागे झुलत पाठांतर करतो, कोणी एकच ओळ पुटपुटतो, कोणी कानांत बोटे घालून वाचतो. आम्ही तेथे सुटीच्या दिवशी जातो आणि संध्याकाळपर्यंत कोणाशीही न बोलता बसतो, तरी कोणाला आम्ही वेगळे वाटत नाही. तेथे कोणी आमच्यावर दया केलेली नाही; त्या जागेची रीतच अशी आहे की, तेथे आमच्यासारख्याला समजावून सांगावे असे काही उरत नाही. परतीच्या वेळी कधी पाय दुखत असले तर मेट्रोने एकच स्थानक जातो. 7 फेब्रुवारी 2020 रोजी सुरू झालेल्या त्या मार्गावर नऊ स्थानके आहेत, आणि ती त्याच क्रमाने येतात. रोज. याचे सुख आम्ही किती वर्णावे!

त्या मुलीची क्षमा मागायला आम्हांला बरेच दिवस लागले. वहीत तसे वाक्य नव्हते. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागण्याचा प्रसंग आम्ही कोठे पाहिलेलाच नव्हता, मग लिहून कोठून ठेवणार? शेवटी मधल्या सुटीत तिला रिकाम्या वर्गात बोलावले आणि दोघीही खिडकीकडे तोंड करून बसलो. आम्ही म्हणालो, ‘त्या दिवशी तुला बाहेर उभे केले, ते चुकले. मलाही डोळ्यांत बघता येत नाही.’ येथे आमच्या तोंडून ‘मला’ आले, हे आम्हांला नंतर जाणवले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘मला माहीत आहे, बाई. तुम्ही भुवयांकडे बघता. मी सहावीतच पाहिले.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘मी केसांकडे बघते कधीकधी. पण मग केस मोजावेसे वाटतात.’

घंटेचे काय करावे, असा प्रश्न होता. शाळेची घंटा एका मुलीसाठी हलवायची का, यावर शिक्षकखोलीत चर्चा सुरू झाली आणि ती चर्चा अद्याप सुरूच आहे. दरम्यान आमच्या शिपायाच्या कानावर ती गेली. त्याने ऑटिझमविषयी कोठलेही व्याख्यान ऐकलेले नाही. तो आमच्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, ‘अम्मा, बजाने से पहले दरवाज़े पे हात दिखाऊं क्या?’ तेव्हापासून घंटा देण्यापूर्वी तो वर्गाच्या दाराशी येऊन हात वर करतो. ती मुलगी कानांवर हात ठेवते. फळ्याजवळ उभे असलेले आम्हीही ठेवतो. पहिल्या आठवड्यात वर्ग हसला. मग एक-दोघे गंमत म्हणून ठेवू लागले. आता तो हात वर झाला की निम्म्याहून अधिक वर्ग कानांवर हात ठेवतो, आणि त्यांतील किती जण गमतीने व किती जण खरोखरीच, ते आम्हांला सांगता येणार नाही.

हा लेख छापायला देण्यापूर्वी आम्ही तिला वाचायला दिला. आवडला नाही तर सांग, त्यातील तुझा भाग काढून टाकीन, असेही म्हटले. दुसऱ्या दिवशी तिने तो परत आणला. समासात पेन्सिलीने दोन दुरुस्त्या होत्या. पहिली : ‘मी “मला येते” तीनदा नाही, सात वेळा म्हणाले.’ दुसरी : ‘तुम्ही उत्तर कुठले होते ते लिहिलेच नाही. प्रश्न पानिपतच्या तिसऱ्या लढाईचा होता. 14 जानेवारी 1761. बुधवार.’